गाळलेली तळटीप

तळटीप अकरा शब्दांची होती आणि ती पुसायला एक बोट पुरलं. बोट सूनबाईचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे आणखीही माणसं येतात आणि प्रत्येकावर थोडा थोडा दोष ढकलायचा मोह होतो. तिलाही झाला.

खरं तर तिला सूनबाई म्हणायचा हक्क जगात दोनच माणसांना होता, सासऱ्यांना आणि सासूबाईंना. पण सासरे ज्या इमारतीत एकतीस वर्षं वीज सांभाळत होते, त्याच इमारतीत ती इंजिनियर म्हणून लागली, आणि चौकीदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी तो हक्क परस्पर घेऊन टाकला. तोंडावर मॅडम, पाठीमागे सूनबाई. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

इमारत म्हणजे डेटा सेंटर. बाहेरून बघाल तर बिनखिडक्यांचं गोदाम. आत थंडगार दालनं, दालनांत लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि एकेका कपाटात एकावर एक रचलेले सोळा सर्व्हर. लोक म्हणतात, आमचं सगळं ढगात असतं. ढगबिग काही नाही. सगळं अशाच एखाद्या कपाटात, पंख्यांच्या घरघरीत असतं, आणि त्याला चोवीस तास वीज लागते. ती पुरवायची जबाबदारी सासऱ्यांची. इमारतीत त्यांना मीटरमामा म्हणत, म्हणून आपणही मामाच म्हणू. सूनबाई मात्र त्यांना बाबा म्हणायची.

मामांच्या पट्ट्याला कायम टाँग टेस्टर लटकलेला असे. चिमट्यासारखं तोंड असलेलं हे छोटं मीटर तारेभोवती धरलं की तारेतून किती वीज जातेय ते कळतं. नवं यंत्र आलं की सोबत त्याचे छापील कागद येत. मामा ते कौतुकाने वाचत, बाजूला ठेवत आणि टाँग टेस्टर काढत. कागदावर वाटेल ते लिहा, म्हणत, कागदाला शॉक बसत नाही. एकतीस वर्षांत एकही यंत्र त्यांनी स्वतः मोजल्याशिवाय रांगेत लावू दिलं नव्हतं, आणि ती सगळी मोजमापं त्यांच्या खिशातल्या वह्यांमध्ये तारीखवेळेसकट लिहिलेली होती.

घरीही तीच तऱ्हा. कुणी म्हणालं गॅस बंद केलाय, की मामा उठून बटण बघून येत. कडी लावली म्हटलं तर कडी ओढून बघत. सासूबाई म्हणायच्या, "उद्या मी श्वास घेतेय म्हटलं तर हे नाकाशी बोट धरून बघतील." या तपासणीतून घरात एकच माणूस सुटलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा सूनबाई औषधाचं माप डोळ्यांच्या रेषेत धरून, थेंबाचाही फरक पडू न देता भरायची. मामांनी ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून बघणं सोडून दिलं. सूनबाईने सांगितलं म्हणजे झालं. सात वर्षं हे असंच चाललं होतं. नवरा बिचारा शाळेत गणित शिकवायचा, तरी त्याचा आकडा दोनदा तपासला जायचा आणि बायकोचा एकदाही नाही, यावरून घरात भरपूर चेष्टा चाले.

तर त्या वर्षी नवे प्रोसेसर आले. जुने सर्व्हर काढून त्यांचे सर्व्हर लावायचं ठरत होतं, आणि ते कसे आहेत हे पारखायचं काम सूनबाईचं होतं. प्रश्न साधाच असतो: काम किती वेगाने करतो आणि त्यासाठी वीज किती खातो. उत्तर साधं नसतं. प्रोसेसरला मोकळं सोडलं तर तो वाऱ्यासारखा पळतो पण अधाशासारखी वीज ओढतो. विजेची मर्यादा लावली तर मुकाट थोडक्यात भागवतो, पण पाचातलं एक काम मागे राहतं. घोडाही पळवायचा आणि चाराही वाचवायचा, असं आजवर कुणाला जमलेलं नाही.

सूनबाईने वेगाची चाचणी प्रोसेसर मोकळा सोडून घेतली. आकडे झकास आले. विजेची चाचणी मात्र सलग तीन दिवस चालवायची होती, आणि चाचणीखोलीतलं थंड हवेचं यंत्र नेमकं तेव्हाच कुरकुरायला लागलं. खोली तापून चाचणी अर्धवट पडू नये म्हणून तिने मर्यादा लावली. यंत्र दुरुस्त झालं की मोकळ्यावरची चाचणी पुन्हा घेऊ, असं ठरवलं. दुरुस्ती लांबली आणि अहवालाची तारीख आली. मग तिने तक्ता केला. एकाच ओळीत मोकळ्यावरचा वेग आणि मर्यादेवरची वीज, सर्व्हरमागे आठशे वॅट. आणि खाली बारीक अक्षरात तळटीप: वेग आणि वीज या दोन आकड्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या सेटिंगवर घेतल्या आहेत.

इथपर्यंत ती चोख होती. मोठ्या साहेबांनी कच्चा अहवाल बघितला, तक्त्यावर खूश झाले आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. वरच्या लोकांना तळटीप दिसली की अख्ख्या तक्त्यावर शंका येते, म्हणाले. पुढे म्हणाले, "बघा तुम्हीच. मी काही सांगत नाही." साहेब लोकांची ही जुनी खुबी आहे. सांगायचं सगळं आणि सांगितलेलं काहीच नाही.

सूनबाई जागेवर येऊन बसली. तळटीप राहिली असती तर कुणी तिला नोकरीवरून काढणार नव्हतं. बढतीही अडणार नव्हती. खरी गोष्ट लाजिरवाणी आहे आणि ती अशी की तिला तो तक्ता सुंदर दिसत होता. इतका वेग, इतक्या कमी विजेत! असा आकडा आयुष्यात एकदा आपल्या नावावर असावा असं तिला वाटलं, आणि मोकळ्यावरची चाचणी नंतर करून घेऊच, तेव्हा दुरुस्ती पाठवू, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग ती ओळ पुसली. पुढच्या बैठकीत टाळ्या पडल्या. यंत्र दुरुस्त झालं तेव्हा खोलीत दुसऱ्या कुठल्या तरी चाचण्या लागल्या होत्या, आणि तिनेही आग्रह धरला नाही.

सर्व्हर आले. प्रत्येक रांगेला किती वीज लागेल याचं भारपत्रक मामांच्या सहीसाठी गेलं. पूर्वी रांगेत आठ कपाटं असत, आठशे वॅटच्या हिशेबाने आता दहा बसत होती. रांगेला जास्तीत जास्त एकशे साठ किलोवॅट सोसत होते आणि कागदावर भरत होते एकशे अठ्ठावीस. मामांनी तिला वीजखोलीत बोलावून घेतलं. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत, अहोजाहो करत. तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

"अगं, आठशे म्हणतेस तू. कंपन्यांची माणसं नेहमी हात आखडता घेऊन सांगतात. हा आकडा त्यांचा की तुझा?"

"माझा आहे, बाबा. मीच मोजलाय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलायचं असेल तर ते असं बोलावं, पकडायला शेंडी सापडत नाही. मामांचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला होता. एक सर्व्हर खाली आणवून मोजायला अर्धा दिवस गेला असता, आणि साहेबांचे दोन निरोप येऊन गेले होते की कपाटं लवकर लावा. मामांनी हात पट्ट्यावरून काढला, खिशातून पेन काढलं आणि सही केली.

"मग झालं," ते म्हणाले. "घरचंच माप आहे."

त्या क्षणी सांगता आलं असतं. बाबा, एकदा मोजून घ्या, एवढे चार शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण मग का मोजू, असं त्यांनी विचारलं असतं. ती हसली आणि जिना चढून वर गेली.

तीन आठवडे काही झालं नाही. प्रत्येक रांगेला दोन बाजूंनी वीज येते, भार अर्धा अर्धा वाटला जातो, आणि रोजच्या कामात सर्व्हर निम्मे रिकामेच असतात. झाकली मूठ तशीच राहिली. सूनबाईलाही हळूहळू वाटायला लागलं की आठशे हाच खरा आकडा असावा.

मग वार्षिक देखभालीचा दिवस आला. दोनपैकी एक बाजू बंद करून तपासायची, तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या बाजूवर टाकायचा. कागदाप्रमाणे त्यात धोका नव्हता. त्या रांगेत शहरातल्या चार इस्पितळांचे तपासणी अहवाल होते, आणि दुपारी तीन वाजता चारही इस्पितळं दिवसभराचे अहवाल एकदम चढवत. दहा कपाटं एका दमात पळायला लागली. वीस मिनिटांनी ब्रेकर पडला, म्हणजे भार न सोसून रांगेची वीज आपोआप तुटली.

सूनबाई वरच्या मजल्यावर होती. तिला आवाज आला नाही, आवाज गेलेला कळला. पायाखालून येणारी घरघर रोज असते म्हणून जाणवत नाही, त्यातला एक सूर कमी झाला. ती धावत खाली आली. दालनात बाकी रांगा घरघरत होत्या आणि मधली एक रांग अंधारी, गप्प उभी होती. मामा पॅनेलसमोर होते. कुणावरही न ओरडता त्यांनी बंद केलेली बाजू जोडून घेतली, एकेक कपाट उठवायला सुरुवात केली. तिसरं कपाट उठलं आणि त्यातले सर्व्हर साठलेल्या कामाला भिडले, तसा त्यांनी टाँग टेस्टर काढून एका सर्व्हरच्या तारेला लावला, आकडा बघितला, वहीत लिहिला आणि वही खिशात ठेवली. सूनबाई चार पावलांवर होती. आकडा किती आला, हे तिने विचारलं नाही.

रांग पूर्ण उठायला बावन्न मिनिटं लागली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण एका इस्पितळात रक्ताचा अहवाल दिसेना म्हणून एक ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. म्हातारी बाई होती, सकाळपासून उपाशी. हे तिला नंतर चौकशीच्या कागदांत वाचायला मिळालं, आणि त्यातला 'उपाशी' हा शब्द पुढे कित्येक दिवस तिला जेवताना आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं. सगळ्या नव्या सर्व्हरना विजेची मर्यादा लावून टाका, म्हणाले, काम थोडं हळू होईल, कुणाच्या लक्षात येणार नाही. "आणि आपण काही बोलायचं नाही." त्या 'आपण'मध्ये तीही होती. नाही म्हणायला तिला तोंडच राहिलं नव्हतं. दुपारपर्यंत तिने स्वतःच्या हाताने मर्यादा लावली. आता कुणीही, कधीही मोजलं असतं तरी आकडा आठशेच आला असता. तिचा खोटा अहवाल तिने असा मागाहून खरा करून ठेवला.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, आवाज न चढवता विचारणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या सर्व्हर मोजून घेतले होते, आकडा कागदाशी जुळला होता. म्हणजे दोष ब्रेकरचा किंवा देखभालीचा, आणि दोन्ही मामांच्याच गळ्यात. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि सूनबाई, समोर मामा. त्यांनी त्या दिवशी पट्ट्याला टाँग टेस्टर लावला नव्हता. तो नसला की ते भलतेच बारीक दिसत.

"भारपत्रकावर सही तुमची?"

"माझी."

"तुमच्या वह्यांत एकतीस वर्षांतल्या प्रत्येक यंत्राचं मोजमाप आहे. याचंच सहीआधी का नाही केलंत?"

मामांनी टेबलाकडे बघितलं. "राहिलं," ते म्हणाले.

साहेबांनी हळहळीच्या सुरात सांगितलं की मामा फार जुने, फार प्रामाणिक, पण निवृत्तीला महिना उरलाय, वयही झालंय, माणूस आहे. बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या सूनबाईकडे वळल्या. अहवालातल्या आकड्यांबद्दल काही सांगायचं आहे का, विचारलं. मामा अजूनही टेबलाकडेच बघत होते. पंख्याखाली एक कागद फडफडत होता, त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"नाही," सूनबाई म्हणाली.

दोन दिवसांनी हुकूम आला. मामांनी किल्ल्या सोपवाव्यात आणि उरलेले दिवस घरी थांबावं. सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, त्याच्याबद्दल कुणी काही बोलेना, म्हणजे तो बारगळला. मामा संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी आले, हातपाय धुतले आणि सासूबाईंना सांगितलं. सासूबाई रडल्या नाहीत, चिडल्या. एवढी वर्षं घरात दूध आलं तरी मापात बघून घेतलंत, म्हणाल्या, आणि नेमकं तेच कसं राहिलं तुमचं? मामा म्हणाले, राहतं कधी कधी. सूनबाई ताटं मांडत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने चारही ताटं मांडली आणि चौथ्या ताटावर स्वतः बसली.

यानंतर जे सुरू झालं ते शेऱ्यापेक्षा वाईट होतं. इमारतीत लोक मामांबद्दल कळवळून बोलायला लागले. डोळ्यांनी दगा दिला असेल, विसरत असतील हल्ली. कुणी तिला मुद्दाम थांबवून विचारायचं, घरी बरे आहेत ना? हो, ती म्हणायची, बरे आहेत. रात्री नवराही तोच सूर लावायचा. बाबांचं वय झालं गं, आपल्याच लक्षात आलं नाही. ती कूस बदलायची. तो समजायचा की तिलाही वाईट वाटतंय. वाटतच होतं, फक्त ते कशाचं हे त्याला माहीत नव्हतं.

त्या रविवारी स्वयंपाकघरातला एक स्विच सैल झाला. मामा स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढत होते. नवऱ्याने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"राहू द्या बाबा. मी बोलावतो कुणाला तरी."

त्याने प्रेमानेच म्हटलं. एकतीस वर्षं अख्ख्या इमारतीची वीज ज्या हातांनी सांभाळली, ते हात स्विचच्या दिशेने क्षणभर तसेच राहिले. मग मामा स्टुलावरून उतरले, स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. पान उलटलं नाही. दारातून सूनबाई ते बघत होती, आणि तिला कळलं की आपण या माणसाची नोकरीची अब्रूच नाही, घरातली जागाही घेतली.

सोमवारी ती कामावर गेली ती थेट चाचणीखोलीत. एक सर्व्हर काढला, त्याची मर्यादा उठवली आणि जी चाचणी दोन महिन्यांपूर्वी करायची होती ती केली. एक हजार पन्नास. म्हणजे रांगेला एकशे अडुसष्ट किलोवॅट. मग चौकशीच्या बाईंना पत्र लिहिलं. दोन्ही चाचण्यांचे पूर्ण तक्ते, तळटीप कधी पुसली, मर्यादा कधी लावली, कुणी सांगितलं, आणि वीजखोलीत मामांनी विचारलं तेव्हा तिने काय उत्तर दिलं. शेवटी ते अकरा शब्द पुन्हा लिहिले. लिहिताना वाटलं होतं की पाठवल्यावर मोकळं वाटेल. पाठवलं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. साहेबांना प्रत गेली होती, ते दारात येऊन तिच्याकडे नुसतं बघून गेले.

ती लवकर घरी आली. मामा गच्चीत जुना टेबलफॅन उघडून बसले होते, पाती वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली. सासूबाई बाहेर गेल्या होत्या. ती समोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. सुरुवात मागून केली, मधेच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मामा पंख्याच्या दांड्यावरचं वंगण फडक्याने पुसत राहिले. तिचं संपलं तेव्हा त्यांनी फडकं ठेवलं, हात विजारीला पुसले, आत गेले आणि वही घेऊन आले. मधलं एक पान उघडून तिच्यापुढे धरलं. ब्रेकर पडला त्या दिवसाची तारीख, दुपारचे तीन वाजून अडतीस मिनिटं, सर्व्हरचा नंबर. त्यापुढे, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: १०५०.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मोजलं तेव्हाच."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"त्यांनी मला माझ्याबद्दल विचारलं. मी नव्हतं मोजलं, ते खरंच होतं. तुझ्याबद्दल तुला विचारलं त्यांनी."

तिला मान वर करता येईना. समोर पंख्याची तीन पाती होती, तिने ती मोजली, पुन्हा मोजली. आपण त्या खोलीत 'नाही' म्हणालो तेव्हा ही वही त्यांच्या खिशात होती. कागदावर तळहात ठेवून ते वाट बघत होते.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तो झेलला असता. "पंधरा दिवस लागले."

मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं त्यांनी ते म्हटलं. मग खाली बसून पहिलं पातं उचललं.

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर वही माळ्यावर टाकली असती. घरचं माणूस आहेस." त्यांनी पातं दांड्यावर बसवलं. "जा, चहा टाक. ती येईल आता. तिला तू सांगायचं आहेस. आणि त्यालाही. मी नाही सांगणार."

तिने सांगितलं. सासूबाई तिच्याशी आठ दिवस कामापुरतंच बोलल्या. नवरा आधी तिच्यावर चिडला, मग स्वतःवर, आणि मग मुकाट स्क्रू ड्रायव्हर घेऊन बापाच्या हातात देऊन आला. चौकशीच्या बाई पुन्हा आल्या. शेरा पुसला गेला, मामांना शेवटचे चार दिवस सन्मानाने परत बोलावलं, आणि निरोपाचा कार्यक्रमही झाला. भाषणात मामांनी देखभालीच्या माणसांचे आभार मानले आणि म्हणाले की सहीआधी मोजायला हवं होतं, ती चूक माझीच. टाळ्या पडल्या तेव्हा सूनबाईला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. मोठ्या साहेबांना दुसऱ्या इमारतीत पाठवलं. साहेब लोक पडले तरी गादीवरच पडतात. तिची नोकरी राहिली, चाचणीचं काम गेलं, आणि इथून पुढे तिच्या कुठल्याही आकड्याखाली दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करायची असं ठरलं. तिने ते बिनबोभाट मान्य केलं. यापेक्षा कमी झालं असतं तर तिलाच ते झेपलं नसतं.

घरही रुळावर आलं. सासूबाई बोलायला लागल्या, चेष्टा परतल्या. मामा निवृत्त होऊन महिना झाला असेल. सकाळी नवरा आधीच निघून गेला होता, सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. सूनबाईने डबा भरला, ओटा पुसला आणि दाराशी येऊन चपला घालायला लागली. मामा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, गॅस बंद केलाय मी."

"बरं."

एका पायात चप्पल गेली होती. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामा उठले, तिच्या पाठीमागून स्वयंपाकघरात गेले. तिने वळून बघितलं नाही. बटणाला हात लावल्याचा बारीकसा आवाज आला, मग पावलं परत आली, आणि ती अजून दारातच उभी आहे हे पाहून थबकली.

"अगं, सवय," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती.

"हो, बाबा."

ही सवय सात वर्षांत तिच्या बाबतीत त्यांना कधीच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. तिने दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. जिन्यात ती क्षणभर थांबली. आतून मामांनी कडी लावली, आणि लागली की नाही ते ओढून बघितलं.